विकले गेलेले घर कोणाचे होते?

वाचकहो, एक माणूस तीस वर्षे एका घरात भाडे भरून राहिला. त्याच घरात त्याची मुले लहानाची मोठी झाली, त्याच घरातून त्याच्या आईची अंत्ययात्रा निघाली. घर सरकारी मालकीचे आहे. एके दिवशी सरकार त्याला म्हणते, ‘हे घर तुला अर्ध्या किमतीत देतो. घेतोस काय?’ त्याने ते घ्यावे काय? आणि सरकारने ते विकावे काय? वरवर पाहता हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात. पण ते एक नाहीत. पहिल्याचे उत्तर कोणीही शहाणा गृहस्थ चटकन देईल. दुसऱ्याचे उत्तर शोधता शोधता ब्रिटनमध्ये चाळीसहून अधिक वर्षे गेली आणि त्या देशाच्या निरनिराळ्या भागांनी निरनिराळी उत्तरे दिली.

हा प्रश्न परक्या देशाचा म्हणून बाजूला टाकू नका. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील बी.डी.डी. चाळींत तो आज आपल्या दारात उभा आहे. पण आधी जेथे त्याची खरी लढाई झाली तेथे जाऊ.

ब्रिटनमध्ये नगरपालिकेला कौन्सिल म्हणतात आणि तिने बांधून भाड्याने दिलेल्या घरांना कौन्सिलची घरे. लंडनच्या बेथनल ग्रीन भागात ओल्ड निकोल नावाची एक कुप्रसिद्ध गलिच्छ वस्ती होती. ती पाडून लंडन कौंटी कौन्सिलने बाउंडरी इस्टेट ही वसाहत बांधली व १९०० साली तिचे उद्घाटन झाले. जुन्या वस्तीतील लोकांना मात्र तिच्यात जवळजवळ जागा मिळालीच नाही. भाडे ज्यांना परवडत होते असे बऱ्या कमाईचे कारागीर तेथे राहावयास आले. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे ती पुन्हा उपयोगी पडेल. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या कायद्याने घरे बांधणे हे कौन्सिलांचे कर्तव्य ठरले. दुसऱ्या महायुद्धानंतर अ‍ॅन्यूरिन बेव्हन हा मंत्री आला. हा वेल्सच्या कोळशाच्या खाणीत राबलेला मनुष्य. कौन्सिलची घरे ही केवळ गरिबांची वेगळी वस्ती होता कामा नये, डॉक्टर, किराणा दुकानदार आणि शेतमजूर यांनी एकाच आळीत राहावे, असे त्याचे मत होते. १९८० च्या सुमारास ब्रिटनमधील दर तीन कुटुंबांपैकी जवळजवळ एक कुटुंब अशा घरात राहत होते.

त्या साली मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने गृहनिर्माण कायदा केला आणि भाडेकरूला राहते घर विकत घेण्याचा हक्क दिला. तीन वर्षे राहिलेल्या भाडेकरूला बाजारभावावर तेहेतीस टक्के सूट, पुढे दर वर्षाला एक टक्का जास्त, आणि कमाल पन्नास टक्के. सदनिकांच्या बाबतीत ही सूट १९८६ च्या कायद्याने सत्तर टक्क्यांपर्यंत गेली. कर्ज मिळत नसेल तर ते कौन्सिलने द्यावयाचे. कौन्सिलची इच्छा असो वा नसो, भाडेकरूने मागितले की घर विकलेच पाहिजे. नॉरिच शहराच्या कौन्सिलने विक्री रेंगाळत ठेवली, तेव्हा मायकेल हेसेल्टाइन या मंत्र्याने तिच्या अधिकारात हात घातला आणि १९८२ मध्ये अपील न्यायालयाने मंत्र्याच्या बाजूने निकाल दिला. १९८७ पर्यंत ब्रिटनमध्ये दहा लाख घरे विकली गेली. एकट्या इंग्लंडचा आकडा आजवर वीस लाखांच्या घरात आहे.

आता विरोधकांचे ऐका. त्यांच्यात दोन जाती होत्या. एक म्हणत, ‘हे घर पुढच्या गरिबाचे आहे, ते विकू नका.’ त्यांचा विचार आपण पुढे करू. दुसरी जात मोठी मासलेवाईक होती. स्वतः मालकीच्या घरात, बागेत खुर्ची टाकून बसलेली ही मंडळी कामगाराला उपदेश करीत की मालकीचा मोह वाईट, भाडेकरू राहण्यातच समाजवाद आहे. अशी मंडळी आपल्याकडेही आहेत. ज्याने जन्मात कधी घरमालकाची पायरी चढून गयावया केली नाही, त्याला मालकीचा मोह तुच्छ वाटतो. अशा माणसाचे म्हणणे, ते खरे असले तरी, भाडेकरूने का ऐकावे?

कारण त्या भाडेकरूने काय सोसले होते ते पाहा. १९८० पूर्वी कौन्सिलच्या भाडेकरूला कायद्याचे संरक्षण नव्हतेच म्हटले तरी चालेल. खासगी घरमालकावर बंधने घालणारे भाडेनियंत्रण कायदे कौन्सिलला लागू नव्हते. नोटीस देऊन, कारण न सांगता ती घर खाली करण्याची मागणी न्यायालयात करू शके. (आपल्याकडेही १९४७ चा मुंबई भाडे कायदा सरकारी जागांना लागू नव्हता, हे बी.डी.डी. चाळीतील जुन्या लोकांना सांगावयास नको.) अनेक ठिकाणी दाराला कोणता रंग असावा हे कौन्सिल ठरवी. पोटभाडेकरू ठेवायचा तर परवानगी, भिंतीत फेरफार करायचा तर परवानगी. पुढे घर विकत घेतलेल्या कित्येकांनी सर्वांत आधी काय केले? दार बदलले, निदान दाराचा रंग तरी बदलला! शहाण्या लोकांनी या रंगीत दारांची चेष्टा केली. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही.

याहून कडू गोष्ट वाटपाची होती. घरासाठी अर्ज केला की कौन्सिलचा एक निरीक्षक अर्जदाराच्या घरी येई. घरातील स्वच्छता, अंथरूण-पांघरूण, लाकूडसामान तो नजरेखालून घाली आणि कुटुंबाला श्रेणी देई. श्रेणी चांगली तर नवे घर, श्रेणी वाईट तर जुनाट, पाडायला आलेले घर. सरकारच्याच एका समितीने, प्राध्यापक कलिंगवर्थ यांच्या समितीने, १९६९ साली या पद्धतीवर टीका केली. आपल्या वाचकांना या निरीक्षकाची नजर समजावून सांगण्याची गरज नाही. ती नजर आपण पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो.

तेव्हा भाडेकरूच्या मनात जी आग होती ती खरी होती. दुसऱ्याच्या मेहेरबानीवर राहणे म्हणजे काय हे आपल्याला वतनाने शिकविले आहे. महाराची वतनजमीन त्याची होती आणि नव्हतीही. ती चाकरीला बांधलेली होती, आणि त्या जमिनीच्या तुकड्यासाठी साऱ्या गावाची राबणूक गळ्यात पडत होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात सुधारणा करण्याचे विधेयक आणले, त्यामागे हाच विचार होता की ज्याला हवे त्याने पूर्ण सारा भरावा, जमीन रयतेसारखी कसावी आणि चाकरीतून मोकळे व्हावे. इंग्रज कामगाराला जेव्हा कोणी म्हणाले की ‘घर तुझे कर, मग कौन्सिलचा निरीक्षक तुझ्या दारात येणार नाही’, तेव्हा त्याच्या कानाला ते गोड का लागले असेल, हे आपल्याइतके कोणाला कळणार?

पण येथेच एक गोष्ट नीट तपासून घेतली पाहिजे. १९८० च्या त्याच कायद्याने आणखी एक हक्क दिला होता. त्याचा गवगवा कोणी केला नाही. त्याने कौन्सिलच्या भाडेकरूला ‘सुरक्षित भाडेकरू’ केले. कायद्यात सांगितलेले कारण न्यायालयात सिद्ध केल्याशिवाय त्याला काढता येणार नाही, त्याच्यामागे त्याच्या पत्नीला किंवा घरातील माणसाला तेथे राहता येईल, पोटभाडेकरू ठेवता येईल, घरात सुधारणा करता येईल, असे हक्क त्याला मिळाले. अशा तरतुदींचा मसुदा मजूर पक्षाच्या आधीच्या सरकारनेही १९७९ मध्ये आणला होता, पण निवडणूक आली आणि तो राहून गेला. म्हणजे भाडेकरूची बेइज्जत थांबविण्यासाठी घर विकण्याची गरज नव्हती. त्यासाठी जो कायदा हवा होता तो त्याच कागदावर, विक्रीच्या शेजारी, लिहिलेला होता. सन्मान मिळाला तो एका कलमाने, आणि त्याचे श्रेय लाटले दुसऱ्या कलमाने. थॅचरबाईंनी १९८० च्या ऑगस्टमध्ये लंडनजवळ हॅरोल्ड हिल येथे एका कुटुंबाच्या नव्या मालकीचा सोहळा केला, त्याची छायाचित्रे छापून आली. सुरक्षित भाडेकरू झाला म्हणून कोणाचे छायाचित्र कोण छापणार?

मग विक्रीने अधिक काय दिले? तिने मालमत्ता दिली. ती लहान गोष्ट नव्हे. ज्याच्या बापाने कधी काही मागे ठेवले नाही, त्याने मुलासाठी घर ठेवावे, ही फार मोठी गोष्ट आहे. परंतु मालमत्ता देताना ती कोणाकडून घेतली हे विचारावे लागते. समजा, घराची किंमत बारा हजार पौंड आहे आणि भाडेकरूने ते सहा हजारांना घेतले. उरलेले सहा हजार पौंड कोणी दिले?

विक्रीचे समर्थक म्हणतात, ‘कोणीच दिले नाहीत. त्या माणसाने तीस वर्षे भाडे भरले. घराची किंमत त्याने केव्हाच फेडली आहे.’ हा युक्तिवाद बळकट आहे आणि याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. उत्तर कौन्सिलच्या हिशेबाच्या वहीत सापडते. कौन्सिल प्रत्येक घराचा हिशेब वेगळा ठेवीत नसे. सगळ्या घरांचे भाडे एका खात्यात जमा होई. जुन्या घरांवरील कर्ज बहुतेक फिटलेले असे, आणि नव्या घरांवरील कर्ज जड असे. जुन्या घराच्या भाड्यातून नव्या घराचा भार थोडा हलका होत असे. याचा अर्थ काय झाला? आपला हा भाडेकरू जेव्हा नव्या घरात शिरला, तेव्हा त्याचे भाडे परवडण्याजोगे राहिले, कारण कोठेतरी जुन्या घरात एक म्हातारा आपल्या घराच्या खर्चाहून थोडे अधिक भाडे भरीत होता. आता याची पाळी आली, याच्या घराचे कर्ज फिटत आले, आणि याच्या भाड्याने पुढच्या माणसाचे घर उभे राहावयाचे, नेमके त्याच वेळी त्याला सांगण्यात आले की तू तुझे घर घेऊन बाहेर पड.

ज्या विहिरीचे पाणी आपण प्यालो ती आपल्या आधीच्यांनी खणली. आपण तिचा गाळ काढावा, अशी त्यात अपेक्षा असते. तिचा आपल्या वाट्याचा भाग उचलून घरी नेण्याचा हक्क कोणी कोणाला द्यावा?

आणि हा पुढचा माणूस विक्रीच्या वेळी हजर नव्हता. टेबलाच्या एका बाजूला भाडेकरू, दुसऱ्या बाजूला मंत्री. दोघेही खूश. मंत्र्याला मते हवी होती. घरमालक झालेला कामगार हुजूर पक्षाला मत देईल हा हिशेब कोणी लपवूनही ठेवला नाही. तिसरा माणूस रांगेत उभा होता, कदाचित त्याचा जन्मही झाला नव्हता. सूट दिली गेली ती त्याच्या वाट्यातून. त्याला कोणी विचारले नाही, आणि त्याने नाही म्हटले असते तरी ऐकले कोणी असते?

येथे कोणी म्हणेल की घर विकले तरी ते नाहीसे होत नाही, तोच माणूस तेथे राहतो, रांगेतल्याचे नुकसान ते काय? हे खरे असते, जर विक्रीच्या पैशातून दुसरे घर बांधले गेले असते तर. तसे झाले नाही. विक्रीतून आलेला पैसा नवीन घरांवर खर्च करण्यास सरकारने कौन्सिलांवर बंधने घातली. १९८९ च्या कायद्याने तर असे ठरले की घरविक्रीच्या रकमेतील पंचाहत्तर टक्के कर्जफेडीसाठी बाजूला काढलेच पाहिजेत. १९९० नंतरच्या दशकात कौन्सिलांनी घरे बांधणे जवळजवळ थांबले. २०१२ साली डेव्हिड कॅमेरून यांच्या सरकारने सूट पुन्हा वाढविली आणि वाढीव सुटीमुळे जादा विकल्या जाणाऱ्या प्रत्येक घरामागे एक नवे घर बांधण्याचे वचन दिले. वचन पाळले गेले नाही.

आता मी ज्या गोष्टीकडे आपले लक्ष मुख्यतः वेधू इच्छितो तिकडे वळतो. कारण ब्रिटनमधील या वादात ती फार कमी बोलली जाते, आणि आपल्याला मात्र ती आधी दिसली पाहिजे.

कोणत्या भाडेकरूला कोणते घर विकले गेले? बाग असलेले, दोन मजली, चांगल्या आळीतले घर घेण्यास लोक धावले. उंच इमारतीतील सतराव्या मजल्यावरच्या ओल आलेल्या सदनिकेला गिऱ्हाईक कमी होते. मग बाग असलेली घरे मुळात कोणाला मिळाली होती? येथे तो निरीक्षक आठवा. बर्मिंगहॅमसारख्या शहरात घराच्या यादीत नाव घालण्यापूर्वी शहरात पाच वर्षे वास्तव्याची अट होती. वेस्ट इंडिजमधून, भारतातून, पाकिस्तानातून आलेल्या कामगाराला यादीचे दारच बंद. (वुल्व्हरहॅम्प्टन, बर्मिंगहॅम, बेडफर्ड येथे पंजाबातून गेलेले आंबेडकरी बांधव आहेत. त्या पिढीतल्या आशियाई कामगारांनी जुनी, पडकी घरे चारचौघांत पैसे जमवून का घेतली, याचे कारण या अटीतही सापडते.) पुढे दार उघडले, तरी आत गेल्यावर भेदभाव होताच. वंशसमानता आयोगाने लंडनच्या हॅकनी भागातील घरवाटपाची चौकशी केली व १९८४ मध्ये अहवाल दिला. त्यात दिसून आले की काळ्या लोकांना गोऱ्या लोकांच्या मानाने निकृष्ट घरे दिली जात होती. गरज सारखी असूनही गोऱ्यांच्या वाट्याला नवी घरे व बंगलीवजा घरे अधिक आली, काळ्यांच्या वाट्याला जुन्या सदनिका.

जोपर्यंत ही सगळी घरे कौन्सिलची होती, तोपर्यंत हा अन्याय दुरुस्त होण्याजोगा होता. अहवालानंतर वाटपाचे नियम बदलता येत होते. बागेचे घर रिकामे झाले की ते रांगेतील काळ्या कुटुंबाला देता येत होते. पण ते घर एकदा विकले गेले की संपले. कारकुनाने केलेला पक्षपात खरेदीखतावर चढला. मग तो बापाकडून मुलाकडे गेला, आणि त्याला कोणी पक्षपात म्हणेनासे झाले. त्याचे नाव झाले वारसा.

वाचकहो, एखादी अन्यायी वाटणी पवित्र कशी होते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही. आपल्या गावात चांगली काळी जमीन कोणाकडे आणि माळरान कोणाकडे, हे आज सातबाऱ्यावर सरळ लिहिलेले असते. त्यात कोठेही जात लिहिलेली नसते. ती लिहिण्याची गरजच उरलेली नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. विकलेली घरे राहणाऱ्यांकडेच राहिली असेही नाही. मूळ खरेदीदार म्हातारे झाले, वारले, मुलांनी घरे विकली, ती घेणारे पुष्कळदा भाड्याचा धंदा करणारे निघाले. लंडनमधील अशा विकलेल्या सदनिकांपैकी दहांत चार खासगी भाड्याने चढल्याचे आढळले. काही कौन्सिलांवर तर अशी पाळी आली की बेघर कुटुंबांना तात्पुरता निवारा देण्यासाठी स्वतःच अर्ध्या किमतीत विकलेली घरे चढ्या भाड्याने परत घ्यावी लागली. सदनिका घेतलेल्या गरीब मालकांचेही सगळेच बरे झाले नाही. इमारतीच्या दुरुस्तीचे बिल आले की ते हजारो पौंडांचे असे. सरकारी मदतीने होणाऱ्या दुरुस्तीपुरती का होईना, २०१४ मध्ये सरकारला या बिलांवर मर्यादा घालावी लागली. इंग्लंडमध्ये आज कौन्सिल व गृहनिर्माण संस्था मिळून साऱ्या सामाजिक भाडेकरूंचे प्रमाण सुमारे सहांत एक इतके उरले आहे. तेरा लाखांच्या आसपास कुटुंबे यादीत आहेत, आणि सव्वा लाखाहून अधिक कुटुंबे तात्पुरत्या निवाऱ्यात दिवस काढीत आहेत. स्कॉटलंडने २०१६ मध्ये आणि वेल्सने २०१९ मध्ये हा हक्क रद्द केला. इंग्लंडने तो ठेवला, पण नोव्हेंबर २०२४ मध्ये सूट एकदम खाली आणली.

यावरून विक्री हेच पाप, असा निष्कर्ष काढू नका. सिंगापूरने १९६४ पासून सरकारी घरे विकली. पण ती ९९ वर्षांच्या पट्ट्याने विकली आणि नवी घरे बांधणे कधी थांबविले नाही. तेथे दहांपैकी आठ लोक अशा घरांत राहतात. उलट व्हिएन्ना शहराने आपली घरे विकलीच नाहीत. तेथे भाडेकरू असणे ही कमीपणाची गोष्ट नाही, कारण भाडेकरूच्या यादीत शिक्षकही आहे आणि सफाई कामगारही. दोन्ही ठिकाणी रांगेतल्या माणसाचा विचार झाला. ब्रिटनमध्ये तो झाला नाही.

जाता जाता एक गंमत सांगतो. लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरात बाबासाहेब विद्यार्थी म्हणून राहिले, ते १० क्रमांकाचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले व स्मारक केले. कॅम्डेनच्या कौन्सिलने स्मारकाला परवानगी नाकारली. कारण काय, तर राहण्याचे एक घर कमी होईल! प्रकरण चौकशीपर्यंत गेले आणि २०२० च्या मार्चमध्ये सरकारने परवानगी दिली, याचा आपल्याला आनंदच आहे. पण कॅम्डेनच्या अधिकाऱ्यांवर मी रागावू शकत नाही. ज्या शहरात घरांचा एवढा तुटवडा झाला, तेथे एकेक घर मोजून ठेवावे असे कोणाला वाटले तर त्याला दोष कसा द्यावा? ही मोजदाद १९८० साली सुरू व्हावयास हवी होती, एवढेच.

बाबासाहेब स्वतः परळच्या पोयबावडीत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत सुमारे वीस वर्षे भाड्याने राहिले, आणि मग राजगृहात गेले. त्यांच्या विचारातही मालकी आणि भाडेपट्टा या दोन्ही गोष्टी सापडतात. १९२८ चे त्यांचे विधेयक वतनदाराला मोकळा खातेदार करू पाहत होते. १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये मात्र त्यांनी सुचविले की शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी आणि ती जात-धर्म न पाहता गावकऱ्यांना कसण्यास द्यावी, म्हणजे कोणी जमीनदार राहणार नाही आणि कोणी भूमिहीनही राहणार नाही. काहींना यात विसंगती दिसते. मला दिसत नाही. दोन्ही ठिकाणी ते एकच गोष्ट पाहत होते: माणूस कोणाच्या मेहेरबानीवर तर राहत नाही ना, आणि त्याच्या मागे उभा असलेला भूमिहीन बाहेर तर राहत नाही ना. वतने १९५८ च्या कायद्याने गेली. जमिनी नव्या शर्तीने परत मिळाल्या. त्यांतल्या किती आज मूळ कुटुंबांकडे आहेत, हे प्रत्येकाने आपल्या गावी जाऊन तलाठ्याकडे विचारावे.

आता वरळीकडे येऊ. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० नंतरच्या काही वर्षांत वरळी, नायगाव, शिवडी व डिलाइल रोड येथे २०७ चाळी बांधल्या. एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. गिरणी कामगार, गोदी कामगार, पोलीस शिपाई यांनी त्या भरल्या. आपल्या चळवळीचा केवढा तरी भाग या गॅलऱ्यांतून गेला, आणि १९७४ च्या दंगलीत याच चाळींनी मार खाल्ला. आता म्हाडातर्फे त्यांतील बहुतेकांचा पुनर्विकास चालू आहे. पात्र भाडेकरूला ५०० चौरस फुटांचे घर मालकी हक्काने, फुकट. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. शंभर वर्षे १६० फुटांत चार-चार बिऱ्हाडे काढलेल्या कुटुंबाला ५०० फूट मिळाले, यात ज्याला आनंद होत नाही त्याच्या माणुसकीबद्दल शंका घ्यावी.

परंतु हिशेब विचारण्याची सवय सोडून चालणार नाही. ही घरे फुकट कशी? जमिनीच्या उरलेल्या भागावर उभ्या राहणाऱ्या मनोऱ्यांतील घरे श्रीमंतांना विकून हा खर्च निघावयाचा आहे. म्हणजे ही सूटही सार्वजनिक जमिनीतूनच दिली जात आहे. त्या आवारात गरिबासाठी सरकारी भाड्याची जी हजारो घरे होती, त्यांची जागा मालकीची घरे घेणार. ब्रिटनपेक्षा आपली गोष्ट एका बाबतीत बरी आहे, येथे राहणाऱ्याला कर्ज काढावे लागले नाही. दुसऱ्या बाबतीत ती तशीच आहे. पोलिसांच्या खोल्यांचे उदाहरण घ्या. या चाळींत ज्या पोलीस कुटुंबांचे वास्तव्य होते, त्यांना २०२२ मध्ये पंधरा लाख रुपयांत घर देण्याचे ठरले. बाजारभावाच्या मानाने ही रक्कम काहीच नव्हे. आयुष्यभर बंदोबस्त करून निवृत्त झालेल्या शिपायाला घर मिळाले, त्याने ते कमावले आहे. पण ती मुळात सेवानिवासाची खोली होती. उद्या सातारा किंवा बुलढाणा जिल्ह्यातून भरती होऊन जो पोरगा वरळीच्या ठाण्यात हजर होईल, त्याची खोली कोठे आहे?

हा पोरगा पुष्कळदा आपल्याच समाजाचा असणार आहे. तेव्हा ज्यांना चाव्या मिळाल्या त्यांच्यापैकी कोणाच्या हाती हा अंक पडला तर एवढे करा. करारावर घरातील बाईचे नाव आहे काय ते पाहा, नसेल तर घालून घ्या. सोसायटीच्या पहिल्याच सभेत देखभालीचा खर्च कोण, किती वर्षे देणार हे लेखी मागा. आणि त्याच सभेत एक ठराव करून म्हाडाकडे पाठवा, की विक्रीसाठी बांधल्या जाणाऱ्या मनोऱ्यांतील किती घरे भाड्याने देण्यासाठी राखून ठेवणार, आणि त्यांचे वाटप कोणत्या नियमाने होणार. उत्तर आले तर ते या पाक्षिकाकडे पाठवावे, आम्ही छापू.